रामोस आणि कोम्पेआन: शिक्षेची माफी निराळी, गुन्ह्याची माफी निराळी

उत्तररात्र (धागाकर्ता)

२२ डिसेंबर २०२० रोजी अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ज्यांना क्षमा केली, त्यांच्यात इग्नासिओ रामोस आणि होसे कोम्पेआन ही दोन नावे होती. हे दोघेही टेक्ससमधील सीमा गस्ती दलाचे माजी जवान. गंमत अशी, की तेव्हा त्यांना तुरुंगातून सुटून बारा वर्षे होत आली होती. त्यांची सुटका केली होती ती जॉर्ज बुश यांनी, १९ जानेवारी २००९ रोजी, म्हणजे पद सोडण्याच्या आदल्या दिवशी. मग २०२० मध्ये माफ करायला शिल्लक काय राहिले होते? शिक्षा कमी करणे आणि गुन्हाच माफ करणे, बोलताना आपण या दोन्ही गोष्टींना ‘माफी’च म्हणतो आणि त्यामुळे या प्रकरणावरची बहुतेक चर्चा भरकटते, म्हणून हा धागा काढत आहे.

आधी घटना. १७ फेब्रुवारी २००५ ची दुपार. अल पासो शहराच्या आग्नेयेला सुमारे पन्नास किलोमीटरवर फेबन्स नावाचे लहानसे गाव आहे. सीमेकडून आलेल्या एका व्हॅनचा गस्तीच्या जवानांना संशय आला आणि पाठलाग सुरू झाला. चालक व्हॅन पुन्हा सीमेवरच्या रिओ ग्रांदे नदीच्या दिशेने घेऊन गेला, एका खोल, सांडपाण्याने भरलेल्या चराशी ती सोडून चरात उतरला आणि पलीकडे चढू लागला. वर कोम्पेआन शॉटगन घेऊन उभा होता. त्याने बंदुकीच्या दस्त्याने चालकाला हाणण्याचा प्रयत्न केला, त्यात त्याचाच तोल जाऊन तो पडला आणि चालक नदीकडे पळत सुटला. कोम्पेआनने पिस्तूल काढून चौदाएक गोळ्या झाडल्या, मध्ये मॅगझिनही बदलले. त्यांपैकी एकही लागली नाही. रामोसने चर ओलांडून एकच गोळी झाडली आणि ती चालकाच्या डाव्या कुल्ल्यात घुसली. तरीही तो नदी ओलांडून मेक्सिकोत पोहोचला. व्हॅनमध्ये ७४३ पौंड, म्हणजे साधारण ३३७ किलो गांजा सापडला.

यानंतरच्या काही मिनिटांत जे घडले, तोच मला या प्रकरणाचा गाभा वाटतो. कोम्पेआनने जमिनीवर पडलेल्या नऊ पुंगळ्या वेचल्या आणि चरात टाकून दिल्या. उरलेल्या पाच शोधायला त्याने एका सहकाऱ्याला सांगितले. त्याने त्या शोधल्या आणि त्याही फेकल्या. वरिष्ठ घटनास्थळी आले होते, पण गोळीबार झाल्याचे कोणीही त्यांच्या कानावर घातले नाही. गांजा पकडल्याचा अहवाल लिहिला गेला आणि त्यात गोळीबाराचा शब्दही नव्हता. प्रकरण बाहेर आले ते भलत्याच वाटेने: ॲरिझोनात काम करणाऱ्या याच दलाच्या एका जवानाची सासू आणि त्या चालकाची आई एकमेकींना ओळखत होत्या. गोळी अजून मुलाच्या अंगात आहे, हे आईने सांगितले, ते सासूकडून जावयाला कळले आणि जावयाने ते वरपर्यंत पोहोचवले. पुढे अल पासोच्या लष्करी रुग्णालयात ती गोळी काढण्यात आली आणि ती रामोसच्या पिस्तुलातली निघाली.

मार्च २००६ मध्ये ज्युरीने दोघांना दोषी ठरवले. ठार मारण्याच्या हेतूने हल्ला केल्याच्या आरोपातून मात्र ते सुटले. ऑक्टोबरमध्ये रामोसला अकरा वर्षे एक दिवस आणि कोम्पेआनला बारा वर्षे अशी शिक्षा झाली. या आकड्यांकडे जरा नीट पाहावे. हिंसक गुन्हा करताना बंदूक झाडली, तर मूळ शिक्षेखेरीज किमान दहा वर्षे द्यावीच लागतात, असा संघीय कायदा आहे आणि त्यात न्यायाधीशाला कमी-अधिक करण्याची मुभा नाही. ती दहा वर्षे वजा केली, तर बाकी सर्व गुन्ह्यांसाठी न्यायाधीश कॅथलीन कार्डोन यांनी रामोसला एक वर्ष एक दिवस आणि कोम्पेआनला दोन वर्षे दिली होती. स्वतःच्या विवेकाने शिक्षा ठरवायला न्यायाधीशांना जेवढी जागा होती, तेवढ्यात त्यांनी या गुन्ह्याचे मोल असे केले.

१७ जानेवारी २००७ रोजी दोघे तुरुंगात गेले आणि बुश यांच्या आदेशानंतर १७ फेब्रुवारी २००९ रोजी घरी आले. हिशोब केला तर पंचवीस महिने होतात. म्हणजे बुश यांनी प्रत्यक्षात कायद्याने चढवलेली दहा वर्षे उतरवली आणि न्यायाधीशांनी आपणहून दिलेली शिक्षा कोम्पेआनला जवळपास तशीच भोगू दिली; रामोसला तर तिच्या दुपटीएवढा काळ आत काढावा लागला. अपराधसिद्धी कायम राहिली, सुटकेनंतरची देखरेखही कायम राहिली. मला हा निर्णय नेमका वाटतो. २०२० च्या क्षमेबद्दल मात्र मी साशंक आहे, कारण तोपर्यंत शिक्षेचा प्रश्न उरलाच नव्हता. प्रश्न उरला होता तो त्या चौदा पुंगळ्यांचा.

निंबोणी

आपण मांडणी व्यवस्थित केली आहे, पण ती वाचताना एका माणसाकडे आपले फारसे लक्ष गेले नाही असे वाटले. तो चालक म्हणजे ओस्वाल्दो आल्द्रेते दाविला. ३३७ किलो गांजा घेऊन देशात शिरलेल्या या माणसाला सरकारी वकिलांनी साक्षीच्या बदल्यात अभय दिले, उपचार दिले, साक्षीसाठी सीमा ओलांडण्याचे परवाने दिले, आणि ते परवाने असतानाच्या काळात, ऑक्टोबर २००५ मध्ये, तो गांजाच्या आणखी एका खेपेत गुंतला होता. ही दुसरी खेप ज्युरीला कळू दिली गेली नाही, कारण न्यायालयाने तो पुरावा बाजूला ठेवला. पुढे तो पकडला गेला, त्याने गुन्हा कबूल केला आणि २००८ मध्ये त्याला साडेनऊ वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे तस्कराला साडेनऊ आणि त्याला अडवणाऱ्यांना अकरा आणि बारा! सामान्य माणसाने हे आकडे शेजारीशेजारी ठेवले तर त्याला संताप येणारच, आणि तो संताप केवळ राजकीय पुढाऱ्यांनी चेतवलेला होता असे म्हणणे त्या माणसावर अन्याय करणारे आहे.

शिवाय दोघांचेही म्हणणे असे होते, की पळताना त्याने वळून पाहिले आणि त्याच्या हातात काहीतरी चमकले. त्या क्षणी ते पिस्तूल आहे की आणखी काही, हे ठरवायला किती वेळ मिळतो?

माजी फौजदार

मी महाराष्ट्र पोलीस दलात तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालो. अमेरिकेचा कायदा मला माहीत नाही, पण पुंगळ्या मला माहीत आहेत, म्हणून लिहितो.

आमच्याकडे चांदमारीला गेले, तरी जेवढी काडतुसे नेली तेवढ्या पुंगळ्या मोजून परत जमा कराव्या लागत. एखादी गवतात हरवली, तर सगळी तुकडी गुडघ्यांवर बसून ती शोधत असे; मे महिन्याच्या उन्हात पाऊण तास एका पुंगळीसाठी रांगत गेल्याचे मला चांगले आठवते. शेवटी ती एका शिपायाच्या पँटच्या दुमडीत सापडली आणि फौजदार म्हणून मी त्याला जे बोललो ते येथे लिहिण्यासारखे नाही. सांगायचे एवढेच, की पुंगळी हा पोलिसाच्या अंगवळणी पडलेला हिशोब आहे. खऱ्या गोळीबारानंतर तर तिला हातही लावायचा नसतो. पंचनामा होईपर्यंत ती जिथे पडली तिथेच राहते, कारण गोळी कोठून झाडली, किती अंतरावरून, कोणत्या दिशेने, हे तीच सांगते, आणि जवानाने आत्मसंरक्षणासाठी गोळी झाडली असेल तर त्याचा सर्वांत मोठा साक्षीदारही तीच असते.

निंबोणीताईंनी हातात चमकलेल्या वस्तूचा मुद्दा मांडला आहे. अशी वेळ माझ्यावर एकदा आली होती आणि त्या क्षणाची भीती मी कधीही हलक्यात घेणार नाही. पण ज्याला समोर पिस्तूल दिसले, तो घटना संपल्यावर पहिली गोष्ट कोणती करतो? बिनतारी संदेशावर ओरडून सांगतो, की समोरचा सशस्त्र आहे, सावध राहा, आणखी माणसे पाठवा. कारण आपले इतर साथीदार त्याच परिसरात फिरत असतात. येथे चौदा-पंधरा गोळ्या झाल्या आणि संदेश गेला नाही. माझ्या दृष्टीने खटल्याचा निकाल त्या शांततेतच लागला. शिक्षा किती असावी हा निराळा विषय आहे. मी असतो तर नोकरीतून काढले असते आणि वर्ष-दीड वर्ष आत पाठवले असते.

काळा कोट

फौजदार साहेबांनी जे अनुभवाने सांगितले, तेच ज्युरीने पुराव्यावरून मानले. कायदेशीर बाजूचे काही तपशील मी जोडतो.

पळणाऱ्या माणसावर गोळी झाडण्याबाबत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या टेनेसी विरुद्ध गार्नर या निकालात मर्यादा घालून दिली आहे. पळणाऱ्यापासून अधिकाऱ्याच्या किंवा इतरांच्या जिवाला गंभीर धोका आहे असे मानण्यास सबळ कारण असेल तरच प्राणघातक बळ वापरता येते. केवळ तो निसटेल म्हणून नाही. व्हॅनमध्ये गांजा आहे, हे गोळ्या झाडल्या तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. त्यामुळे ‘तस्करावर गोळी झाडली’ हे वाक्य मागाहून मिळालेल्या माहितीवर उभे आहे.

आता ती दहा वर्षे. हा कायदा १९६८ चा. तो मांडताना त्यामागचा हेतू असा सांगितला गेला होता, की गुन्हा करायला निघालेल्या माणसाने निदान बंदूक तरी घरी ठेवून यावे. हा हेतू या खटल्याला लावून पाहा. गस्तीवरच्या जवानाला बंदूक घरी ठेवून कामावर येता येईल का? त्याची नोकरीच ती कमरेला लावून सुरू होते. जवानाने बळाचा गैरवापर केला तर त्याला शिक्षा करणारी स्वतंत्र कलमे होती आणि ती लावलीही गेली होती. त्यांवर हे दहा वर्षांचे कलम चढवण्याचा निर्णय अभियोक्त्याचा होता. पश्चिम टेक्ससचे तत्कालीन सरकारी अभियोक्ता जॉनी सटन यांची भूमिका अशी होती, की किमान शिक्षा संसदेने ठरवली आहे. ती खरी आहे, पण अर्धी. किती शिक्षा द्यायची हे संसदेने ठरवले. कोणते कलम लावायचे हे त्यांच्या कार्यालयाने ठरवले.

जुलै २००८ मध्ये पाचव्या सर्किटच्या (म्हणजे टेक्सस ज्यात येते त्या विभागाच्या) संघीय अपील न्यायालयाने मुख्य अपराधसिद्धी कायम ठेवली, मात्र अधिकृत कार्यवाहीत अडथळा आणल्याचे आरोप रद्द केले, कारण खात्याची अंतर्गत चौकशी ही त्या कलमाच्या अर्थाने ‘अधिकृत कार्यवाही’ होत नाही. म्हणजे गंमत पाहा: ज्या पुंगळ्यांवर आपण सर्व जण बोलत आहोत, त्यांच्याबद्दलची शिक्षाच तांत्रिक कारणाने गळून पडली! त्या शिक्षा इतर शिक्षांबरोबरच चालू असल्याने एकूण मुदतीत काही फरक पडला नाही, आणि नोव्हेंबर २००८ मध्ये फेरशिक्षा सुनावतानाही तेच आकडे कायम राहिले.

वाटसरू

एक शंका. तुरुंगात पोलिसाला काय भोगावे लागते, याचा विचार शिक्षा ठरवताना होतो का? रामोसला मिसिसिपीतील याझू सिटीच्या तुरुंगात कैद्यांनी मारहाण केली होती असे वाचले आहे.

काळा कोट

होय, फेब्रुवारी २००७ मध्ये, म्हणजे तुरुंगात जाऊन तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा. त्याआधी त्यांच्या प्रकरणावर दूरचित्रवाणीवर एक कार्यक्रम झाला होता आणि कैद्यांनी त्याला ओळखले. अशा कैद्याला मग स्वतःच्याच सुरक्षिततेसाठी एकांतात ठेवले जाते, त्यामुळे त्याचे एक वर्ष इतरांच्या एका वर्षापेक्षा बरेच जड असते.

आपल्या शंकेचे उत्तर १९९६ च्या एका निकालात आहे. लॉस एंजेलिसमध्ये रॉडनी किंगला झालेल्या मारहाणीबद्दल दोषी ठरलेल्या स्टेसी कून आणि लॉरेन्स पॉवेल या पोलिसांना तीस महिन्यांची शिक्षा झाली होती, जी मार्गदर्शक तत्त्वांपेक्षा कमी होती. त्यांना तुरुंगात छळ सोसावा लागण्याची विशेष शक्यता आहे, हे शिक्षा कमी करण्याचे एक ग्राह्य कारण असू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. रामोसच्या न्यायाधीशांना हा विचार त्या दहा वर्षांपुरता करताच आला नाही. जेथे न्यायाधीशाचे हात कायद्याने बांधलेले असतात तेथे अध्यक्षांचा अधिकार उपयोगी पडतो, तो असा.

रिओग्रांदे

कामानिमित्त मी अल पासोत चार वर्षे राहिलो. त्या भागाचे चित्र डोळ्यांसमोर नसले की काही गोष्टी कळत नाहीत, म्हणून हा प्रतिसाद.

नदी म्हटली की आपल्याला गोदावरी किंवा कृष्णेचे पात्र आठवते. फेबन्सच्या बाजूला रिओ ग्रांदे वर्षाचे बरेच महिने आपल्याकडच्या मोठ्या पाटाएवढीच असते. दोन्ही तीरांवर कापसाची शेते, पेकान नावाच्या अक्रोडासारख्या फळाच्या बागा, शेतांना पाणी देणारे कालवे आणि पाणी वाहून नेणारे खोल चर. नदीच्या कडेने मातीचा बांध आहे आणि त्याच्यावरून गस्तीच्या गाड्या फिरतात. बांध आणि पाणी यांच्या मधल्या उघड्या पट्टीला तेथे ‘वेगा’ म्हणतात. त्या माणसाला ही पट्टी ओलांडायची होती. तेथे आडोसा म्हणून काही नाही. पळणारा माणूस पूर्ण दिसतो, आणि झाडलेल्या गोळ्यांचा आवाजही साऱ्या शिवारात ऐकू जातो.

दुसरी गोष्ट. दूरवरच्या राज्यांत हे प्रकरण ‘अमेरिकन जवान विरुद्ध मेक्सिकन तस्कर’ असे रंगवले गेले. अल पासोत ते तसे रंगणे कठीण होते. दोन्ही जवान मेक्सिकन वंशाचे, त्यांचे सहकारी बहुसंख्येने त्याच वंशाचे, आणि शहरात ज्या घरात एक भाऊ गस्ती दलात आहे त्याच घरातली मावशी पलीकडे हुआरेसला राहते असे सर्रास दिसते. सासूच्या ओळखीतून गोळीबार उघडकीला आला, हे बाहेरच्यांना कादंबरीसारखे वाटते. तेथे राहिलेल्याला त्यात नवल वाटत नाही. ज्या ज्युरीने दोषी ठरवले तीही त्याच परिसरातली होती, सीमा आणि तस्करी रोज पाहणारी. अर्थात त्यांच्यापैकी तिघांनी नंतर असे म्हटले, की आपण मत बदलले ते दडपणाखाली, कारण एकमत न झाल्यास काय होते याची त्यांना नीट कल्पना नव्हती. न्यायालयाने ते ग्राह्य धरले नाही.

निंबोणी

तिघा ज्युरींचा हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो आणि तो कोणी फारसा सांगत नाही. असो. माजी फौजदार यांच्या प्रतिसादाने माझे मत काहीसे बदलले, हे प्रामाणिकपणे नोंदवते. संदेश का दिला नाही या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. तरी २०२० च्या क्षमेबाबत मी धागाकर्त्यांशी असहमत आहे. गुन्हा केला, पंचवीस महिने भोगले, त्यातले कित्येक एकांतात. नोकरी गेली, निवृत्तिवेतन गेले. बारा वर्षे पुन्हा कोणताही गुन्हा न करता काढल्यावर नावापुढचा डाग पुसला, तर त्यात चूक काय? क्षमा याच अर्थाने तर दिली जाते.

उत्तररात्र

आपला मुद्दा मला मान्य करावा लागेल, निदान निम्मा. अमेरिकी न्याय विभागाच्या नियमांप्रमाणे सुटकेनंतर किमान पाच वर्षे थांबून क्षमेसाठी अर्ज करायचा असतो, आणि त्या काळातले वर्तन हाच तिचा आधार असतो. या कसोटीवर दोघेही बसतात. माझी अडचण त्या क्षमेच्या सोबतीला जे होते त्याबद्दल आहे. त्याच दिवशी २००७ मध्ये बगदादच्या निसूर चौकात नागरिकांवर गोळीबार केलेल्या ब्लॅकवॉटर या खासगी सुरक्षा कंपनीच्या चार माणसांनाही क्षमा मिळाली. दुसऱ्या दिवशी मेरीलँडच्या माजी पोलीस स्टेफनी मोर यांना. या बाईंनी १९९५ मध्ये एका घरफोडीच्या संशयितावर पोलिसी कुत्रा सोडला होता आणि त्याबद्दल दहा वर्षांची शिक्षा भोगली होती. ही प्रकरणे एकमेकांपासून फार वेगळी आहेत, पण एकत्र जाहीर झाली की त्यांचा एकच अर्थ घेतला जातो: वर्दीतल्या माणसाने काहीही केले तरी ते कर्तव्यच.

आणि हा अर्थ पुढे गडद होत गेला. जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या टेरेन्स सटन आणि अँड्र्यू झबाव्हस्की या दोन पोलिसांना ट्रम्प यांच्याकडून क्षमा मिळाली. २०२० मध्ये त्यांनी मोपेडवरच्या एका वीस वर्षांच्या तरुणाचा पाठलाग केला होता, त्यात तो दुसऱ्या गाडीवर आदळून मरण पावला आणि पुढे पाठलागाची खरी हकीकत दडवल्याबद्दल दोघेही दोषी ठरले. येथे तर शिक्षा सुरूही झाली नव्हती. अपील होईपर्यंत दोघे बाहेरच होते. न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी ठरलेले ॲरिझोनाचे माजी शेरीफ जो अर्पायो यांना तर २०१७ मध्ये शिक्षा सुनावण्याच्याही आधी क्षमा मिळाली. ‘अन्यायाने तुरुंगात पडलेले पोलीस’ हे वर्णन रामोस-कोम्पेआन यांना काही अंशी लागू पडते, या तिघांना ते कसे लागू पडणार?

जुलै २००७ मध्ये सिनेटच्या न्यायविषयक समितीत या प्रकरणावर सुनावणी झाली. डेमोक्रॅट डायन फाइन्स्टाइन आणि रिपब्लिकन जॉन कॉर्निन या दोघांनीही त्यानंतर बुश यांना विनंती केली ती शिक्षा कमी करण्याची, क्षमेची नव्हे. दोन विरोधी पक्षांचे लोक एका गोष्टीवर सहमत झाले, कारण मागणी नेमकी होती. त्याच महिन्यात बुश यांनी आपल्याच प्रशासनातल्या स्कूटर लिबी यांची तीस महिन्यांची शिक्षा रद्द केली, तुरुंगात पाऊल पडण्यापूर्वी. आणि या दोघांना मात्र दीड वर्ष वाट पाहायला लावली. त्याचा राग रास्त होता.

वाटसरू

आपल्याकडेही याच्या जवळ जाणारे एक उदाहरण आहे. २००६ मध्ये मुंबईत झालेल्या लखनभैया बनावट चकमकीच्या खटल्यात २०१३ साली एकवीस जणांना जन्मठेप झाली, त्यांत तेरा पोलीस होते. २०१५ मध्ये राज्य सरकारने त्यांच्यापैकी अकरा पोलिसांची शिक्षा स्थगित केली आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. अमेरिकेत असा आदेश न्यायालयात टिकला नसता का?

काळा कोट

तेथे तो न्यायालयापर्यंत पोहोचणेच कठीण. लखनभैया प्रकरणातला आदेश राज्यपालांच्या क्षमेचा नव्हता, फौजदारी प्रक्रिया संहितेखालचा होता, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही. पण आपल्याकडे राष्ट्रपतींचा अनुच्छेद ७२ खालचा आणि राज्यपालांचा अनुच्छेद १६१ खालचा अधिकारही न्यायालयीन तपासणीपलीकडे नाही. २००६ च्या एपुरू सुधाकर निकालात सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशच्या राज्यपालांनी दिलेली सूट रद्द केली होती. शिवाय आपले राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. अमेरिकेत अध्यक्ष एकटा ठरवतो, कारणे देण्याचे बंधन नाही, आणि क्षमा योग्य होती की नाही हे न्यायालय तपासत नाही. मर्यादा मुख्यतः दोन: महाभियोगाला क्षमा नाही, आणि गुन्हा संघराज्याविरुद्धचा असला पाहिजे. म्हणूनच जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येबद्दल शिक्षा भोगणाऱ्या माजी पोलीस डेरेक शॉव्हिनला अध्यक्षांनी उद्या क्षमा केली, तरी मिनेसोटा राज्याची साडेबावीस वर्षे तशीच राहतील.

येथे हेही सांगतो, की ‘क्षमा स्वीकारली म्हणजे गुन्हा कबूल केला’ हे वाक्य चर्चांमध्ये नेहमी फेकले जाते. ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९१५ च्या बर्डिक निकालातून आले आहे, पण तो निकालाचा बंधनकारक भाग मानावा का याबद्दल वाद आहे. २०२१ मध्ये दहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने क्षमा मिळालेल्या एका माजी सैन्याधिकाऱ्याच्या प्रकरणात सांगितले, की क्षमा स्वीकारल्याने अपराधसिद्धीला आव्हान देण्याचा हक्क संपत नाही. तेव्हा रामोस आणि कोम्पेआन यांनी २०२० मध्ये काही कबूल केले, असे म्हणता येणार नाही. आणि ते निर्दोष ठरले, असेही नाही.

माजी फौजदार

मग प्रत्यक्षात त्यांना मिळाले काय? माझा प्रश्न साधा आहे. बुश यांनी सोडल्यानंतर त्यांना पुन्हा पिस्तूल बाळगता येत होते का?

काळा कोट

नाही. संघीय कायद्याप्रमाणे अशा गुन्ह्यातल्या दोषी माणसाला बंदूक किंवा एक काडतूससुद्धा जवळ ठेवता येत नाही, आणि शिक्षा कमी केल्याने ही बंदी उठत नाही. २००९ ते २०२० ही वर्षे त्यांनी अशीच काढली. पूर्ण क्षमा मिळाल्यावर ती बंदी उठते.

माजी फौजदार

म्हणजे धागाकर्त्यांनी पहिल्या परिच्छेदात विचारले होते, की शिल्लक काय राहिले होते, ते हे. आभारी आहे.